जुनी जेट-बोट घेण्यापूर्वी

बैल विकत घ्यायचा झाला तर आपण काय करतो? दात बघतो, डोळे बघतो, चार पावले चालवून बघतो, आणि बरोबर जाणता माणूस असला तर गाडीला जुंपूनही बघतो. विकणारा बैलाला धुऊन-पुसून, शिंगांना रंग लावून आणतो. त्यात त्याचे काही चुकत नाही. पण निव्वळ रंग बघून कोणी बैल घेत नाही. यंत्राच्या बाबतीत मात्र आपल्यातले भलेभले रंगावर भुलतात. त्यात ते यंत्र आपल्या ओळखीचे नसेल तर विचारूच नका.

जेट-बोट हे असेच एक अनोळखी यंत्र आहे. पाण्याखाली फिरणारा प्रॉपेलर तिला नसतो. पोटातल्या पंपाने पाणी मागे फेकून ती पुढे धावते. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारी वॉटर स्कूटर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तीही याच जातीची, फक्त अंगाने लहान. अशी यंत्रे दोन-चार हंगाम वापरून विकायला निघतात. दुसरीकडे, ज्या गावाने महापूर पाहिला आहे त्या गावाला बोट ही चैनीची वस्तू वाटत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. म्हणून उद्या गावच्या तरुण मंडळाने किंवा ग्रामपंचायतीने, “गुरुजी, एक जुनी जेट-बोट स्वस्तात मिळते आहे, घ्यावी का?” असे विचारले, तर उत्तर देणाऱ्याला चार गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या.

आधी ती चालते कशी, ते पाहू. विहिरीवरची मोटर सुरू केली आणि शेतात पडलेला पाइप मोकळा असला, तर पाण्याचा लोट येताच पाइपाचे तोंड सापासारखे वळवळत मागे सरकते. पाणी एका दिशेला जोराने गेले की पाइपाला उलट दिशेने रेटा बसतो. हाच न्यूटनचा तिसरा नियम, आणि जेट-बोटीचे सगळे शास्त्र एवढेच. बोटीच्या तळाला एक जाळी असते. तिच्यातून पाणी आत ओढले जाते. इम्पेलर, म्हणजे पंपातला फिरता पंखा, त्याला ढकलतो. पुढच्या स्थिर पात्या त्या पाण्याचा पीळ काढून त्याला सरळ करतात. आणि ते निमुळत्या तोंडातून जोराने मागे सुटते. मागची धार नदीच्या पाण्याला टेकते म्हणून बोट पुढे जाते, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. हवेने भरलेला फुगा सोडून दिला तर तो खोलीभर पळतो, तो काही भिंतीला टेकून नव्हे! वर्गात हा प्रयोग दोन पैशांत होतो.

ही बोट आजच्या रूपाला आणली न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी. दक्षिण बेटावरच्या मॅकेन्झी भागात आयरिशमन क्रीक नावाचे त्यांचे मेंढ्यांचे मोठे कुरण होते. तिकडच्या नद्या म्हणजे गोट्यांच्या रुंद पात्रातून वेणीच्या पेडांसारख्या फुटलेल्या उथळ धारा. प्रॉपेलरची बोट तिथे घातली की पाते दगडावर आपटलेच म्हणून समजा. हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी पंपाचा उपाय हाती घेतला. पाणी मागे फेकणारे यंत्र त्यांच्या आधीही होते, पण त्याचे तोंड पाण्याखाली असे. १९५४च्या सुमारास त्यांनी ते पाण्याच्या पातळीच्या वर घेतले आणि बोटीला खरा वेग आला. वेगात उचलून धरलेली लहान जेट-बोट वीतभरही खोल नसलेल्या पाण्यावरून निघून जाते. १९६० साली याच बोटींनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीची प्रचंड घळई प्रवाहाच्या उलट दिशेने चढून दाखवली. आणि १९७७ साली एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी तीन जेट-बोटी घेऊन गंगासागरापासून गंगेतून वर निघाले, ते थेट हिमालयात नंदप्रयागपर्यंत गेले. तिथे धबधब्याने त्यांना अडवले. सांगायचे ते हे की, ही बोट जन्मली ती गोट्यांच्या, उथळ, जोराच्या आणि मुख्य म्हणजे स्वच्छ पाण्यासाठी.

म्हणून पहिला प्रश्न बोटीला विचारायचा नाही, तो आपल्या पाण्याला विचारायचा. पंप जाळीतून पाणी ओढतो, आणि पाण्याबरोबर जे येईल तेही ओढतो. कृष्णा-पंचगंगेच्या पुरात काय काय वाहते ते काठच्या माणसाला सांगायला नको. जलपर्णी, उसाचे पाचट, गोणपाट, प्लॅस्टिक, दोर. जाळीवर यांचा थर बसला की पंपाला पाणी मिळत नाही, बोटीचा जोर जातो, आणि ऐन धारेत जोर गेला की सुकाणूही जाते. कारण जेट-बोटीला वेगळे सुकाणू नसते. मागची धार डावी-उजवीकडे वळवूनच ती वळते. धार बंद, की वळणे बंद. प्रॉपेलरही कचऱ्यात अडकतो, हे खरे. पण बाहेर टांगलेल्या इंजिनाचा प्रॉपेलर वर उचलून मोकळा करता येतो. जेटची जाळी बोटीच्या पोटाखाली असते. काही बोटींत वरच्या झाकणातून किंवा दाताळ्याने ती साफ करण्याची सोय असते, काहींत नसते. शिवाय हळू जाताना, जड ओझे नेताना पंपाचे काम प्रॉपेलरपेक्षा खर्चिक पडते. तेलही जास्त लागते. पुरात माणसे सावकाश, जपून आणायची असतात. तेव्हा माझे मत विचाराल तर कचऱ्याने भरलेल्या पुराच्या पाण्यासाठी जेट-बोट ही पहिली निवड नव्हे. धरणाचा स्वच्छ जलाशय, खाडीचे उथळ तोंड, वाळूचे किनारे, पोहणाऱ्यांच्या जवळून जावे लागते अशा जागा, इथे तिचा गुण दिसतो, कारण बाहेर फिरते पाते नसते. पण बाहेर पाते नाही म्हणून ती निर्धोक आहे असे मात्र समजू नका. जाळीच्या ओढीत लांब केस, साडीचा पदर, दोराचे टोक जाऊ शकते, आणि मागच्या धारेच्या अगदी जवळ आलेल्या माणसाला गंभीर इजा होऊ शकते.

आता समजा, पाणी योग्य आहे आणि बोट समोर उभी आहे. लोक आधी इंजिनकडे धावतात. तुम्ही मात्र बोट गाडीवर किंवा ठोकळ्यांवर चढवायला लावा आणि खाली वाका. किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा, बॅटरीची तार सोडवा, मगच पंपाजवळ हात न्या. या बाबतीत कोणाचाही “काही होत नाही हो” ऐकू नका.

जेट-बोटीचे दात म्हणजे तिचा इम्पेलर. तो ज्या कड्यात फिरतो, ते कडे आणि पात्याचे टोक यांच्यात अगदी थोडी फट असते. नवीन यंत्रात ती मिलिमीटरच्या अंशांत मोजतात. या फटीवर सगळा जोर अवलंबून. आपला हापसा आठवा. आतला वायसर झिजला की दांडा हलवून हात भरून येतात, पण वर येणारे पाणी कमी होते. उचललेले पाणी कडेने परत खाली उतरते. इथेही तेच होते. वाळूचे पाणी ओढून ओढून पात्याची टोके आणि कडे झिजते, फट वाढते, आणि पुढे ढकललेले पाणी फटीतून मागे फिरते. इंजिन ओरडत राहते, पेट्रोल जळत राहते, बोट मात्र सुस्त. म्हणून फीलर गेज, म्हणजे मोटार-मिस्त्रीकडे असते ती पातळ पत्र्यांची जुडी, घेऊन फट मोजा. एकाच जागी मोजू नका. प्रत्येक पाते फिरवून वर, खाली आणि दोन्ही बाजूंना मोजा. चारी बाजूंना फट सारखीच वाढली असेल तर ती झीज आहे. नवे कडे घालून किंवा इम्पेलर भरून घेऊन काम भागेल. पण एका बाजूला पाते घासते आहे आणि दुसऱ्या बाजूला फट मोठी आहे, असे दिसले तर दांड्याचे बेअरिंग गेले असण्याचा किंवा दांडा वाकलेला असण्याचा संशय घ्यावा. किती फट चालेल, ते त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत छापलेले असते. ती पुस्तिका विकणाऱ्याकडे मागाच. जुन्या काही यंत्रांत एकामागे एक दोन-तीन इम्पेलर असतात. पुढचा दिसला म्हणजे मागचे पाहिले असे होत नाही.

पात्यांची पुढची धार बोटाने चाचपून बघा. दगडावर आपटलेल्या विळ्यासारखे दाते पडले असतील तर बोटीने गोटे गिळले आहेत. लहान दाते कानसीने घासून काढता येतात, खोल चीर मात्र परवडत नाही. आणखी एक खूण आहे: पात्याच्या पाठीवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. हे दगडाचे काम नव्हे, पाण्याचे. पाते फार जोराने फिरले, किंवा पुरेसे पाणी पोचले नाही, की पात्याच्या पाठीमागचा दाब इतका उतरतो की पाणी थंड असतानाच उकळते, त्याचे वाफेचे बुडबुडे होतात, आणि पुढे दाब वाढताच ते फुटून धातू कुरतडतात. चुलीवाचून पाणी उकळते, हे मुलांना सांगितले तर ती हसतील; पण दाब कमी झाला की उकळण्याला लागणारी उष्णताही कमी होते, हे डोंगरावर डाळ शिजायला वेळ लागतो त्यावरून पटवता येते. असे खड्डे दिसले तर विकणाऱ्याला विचारावे: जाळी वरचेवर तुंबत होती का? इंजिन या पंपाला भारी तर बसवलेले नाही?

मग इंजिनला जोडणारा दांडा हाताने फिरवा. तो गुळगुळीत फिरला पाहिजे. जात्यासारखी घरघर हाताला लागली तर बेअरिंग खडबडीत झाले आहे. दांडा पुढे-मागे ओढून बघा. बोटीला पुढे ढकलणारा सगळा रेटा एका बेअरिंगवर येतो, आणि ते सैल झाले की इम्पेलर जागचा हलू लागतो. तिथे तेल असेल तर थेंबभर बाहेर काढून पाहावे. दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसला तर सील फुटून पाणी आत गेले आहे. मागच्या तोंडाचे वळणारे नळकांडे आणि उलट जाण्यासाठी खाली पडणारे झाकण हलवून बघा, त्यांच्या खिळी सैल झाल्या असतील तर हाताला लगेच कळते.

एवढे झाल्यावर बोटीच्या धडाकडे वळा. ॲल्युमिनियमची बोट असेल तर उन्हाच्या तिरप्या उजेडात तळावर डोळा लावून बघा. पोचे आणि लाटा दिसतात. पोचा कुठे आहे याला महत्त्व आहे. जाळीच्या अगदी पुढे पोचा किंवा उंचवटा असला तर पाण्याबरोबर हवा पंपात शिरते, आणि पंप चांगला असूनही बोट गचके खाते. वेल्डिंगच्या कडेने आणि जाळीच्या चौकटीच्या कोपऱ्यांत बारीक चिरा शोधा. साऱ्या बोटीचा रंग जुना आणि तळाला एका ठिकाणी ताजा रंग, असे असेल तर त्या ठिकाणी नख लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. बोट समुद्रात चालली असेल तर पांढरी भुकटी आणि रंगाखाली आलेले फोड बघा. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला पोलाद किंवा पितळ टेकले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. ते खाल्ले जाऊ नये म्हणून जस्ताचे किंवा तशाच धातूचे तुकडे मुद्दाम लावलेले असतात. गंज त्यांना आधी खातो. ते तुकडे थोडे झिजलेले असणे चांगले. पूर्ण संपले असतील तर गंजाने पंपाकडे मोर्चा वळवला असे समजा. आणि त्यांच्यावर कोणी हौसेने रंग फासला असेल तर ते असून नसल्यासारखेच.

फायबरची बोट असेल तर रुपयाचे नाणे घेऊन ठोकत जा. मडके घेताना आपण टिचकी मारतो, तसे. टणक आवाज यावा. बद्द आवाज आला तर थर सुटले आहेत किंवा आतले लाकूड कुजले आहे. मागची उभी भिंत, जिथे पंप बाहेर पडतो, आणि इंजिनच्या खालच्या आडव्या-उभ्या पट्ट्या, या जागा विशेष ठोका, कारण सगळा हादरा तिथेच बसतो. पुष्कळ बोटींच्या फरशीखाली बुडू नये म्हणून फोम भरलेला असतो. वर्षानुवर्षे पाणी मुरले की तोच फोम ओला होऊन बोटीला जड करतो, आणि वरून काही दिसत नाही. याला सोपा उपाय आहे: बोट गाडीसकट साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर न्या, मग रिकामी गाडी काट्यावर घाला. टाकीतले तेल धरून आलेला आकडा पुस्तिकेतल्या वजनापेक्षा फारच जास्त निघाला, तर तुम्ही बोटीबरोबर पाणीही विकत घेत आहात.

इंजिनविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते पारखणारा मिस्त्री प्रत्येक तालुक्याला सापडतो. मोठ्या जेट-बोटींत बहुधा मोटारगाडीचेच, बोटीसाठी बदललेले इंजिन असते. तुम्ही पोचाल तेव्हा ते थंड असले पाहिजे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन कोणीही चालू करून दाखवील. तेलाचा रंग बघा, प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायला लावा. आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. धूर बाहेर नेणारे नळ पाण्याने थंड ठेवलेले असतात आणि ते आतून गंजतात. फुटले की पाणी सिलिंडरात उतरते. आणखी एक गोष्ट मिस्त्रीच्याही लक्षात येणार नाही, कारण मोटारीत ती उद्भवत नाही. मोटारीत गळलेले पेट्रोल रस्त्यावर पडते, त्याची वाफ वाऱ्याने जाते. बोटीत ती तळाशी साचते, आणि एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून बोटीच्या इंजिनाचा स्टार्टर आणि डायनॅमो ठिणगी बाहेर न पडू देणाऱ्या बांधणीचे असतात. कोणी मोटारीचे स्वस्त भाग बसवले असतील तर ते बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. वाफ बाहेर काढणारा पंखा चालतो की नाही, ते बघा.

किती तास चालली, हे विचारण्याची पद्धत आहे. ठीक आहे, पण कुठल्या पाण्यात चालली, हे विचारणे अधिक कामाचे. धरणाच्या स्वच्छ पाण्यात हजार तास चाललेल्या बोटीचा इम्पेलर, वाळूच्या किनाऱ्यावर शंभर तास घासलेल्या बोटीपेक्षा धडधाकट निघू शकतो. पर्यटनाच्या धंद्यातली बोट खूप राबलेली असते, पण तिच्या देखभालीची वही नीट ठेवलेली असेल तर मला ती हौशी मालकाच्या झाकून ठेवलेल्या बोटीपेक्षा जास्त विश्वासाची वाटेल.

शेवटी पाण्यात उतरवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे घातलेले असतात त्या दिवसांत मागचे संथ पाणी यासाठी उत्तम. बंधाऱ्यापासून मात्र पुष्कळ दूर राहावे. निघण्यापूर्वी तळ कोरडा करून घ्या. सगळ्यांनी जीवरक्षक जाकिटे घाला. एकटा मालक बसवून बोट पळवून दाखवणे सोपे असते. जेवढी माणसे खरोखर न्यायची आहेत तेवढे वजन त्यात ठेवायला सांगा. परवाना असलेल्या संख्येच्या आत, हे सांगायला नको. मग बघा, बोट पाण्यावर उचलून धरायला किती वेळ घेते. पूर्ण जोर दिल्यावर इंजिनाचे फेरे पुस्तिकेतल्या आकड्याच्या वर जातात आणि वेग मात्र येत नाही, असे झाले तर फटीचे जे मोजमाप घेतले होते त्याची साक्ष पटली. दोन्ही बाजूंना वळवा. झाकण पाडून उलट चालवा. आणि मोकळ्या पाण्यात, हळू वेगात, जोर पूर्ण काढून चाक फिरवून पाहा: बोट वळणार नाही, सरळच जाईल. हा दोष नव्हे, जातीचा स्वभाव आहे. पण समोर अडथळा दिसताच घाबरून जोर काढणारा नवखा चालक नेमका त्याच अडथळ्यावर जाऊन आदळतो. काठाला आल्यावर तळ पुन्हा उघडा. घोटभर पाणी असेल तर ते कुठून आले ते शोधा; दांड्याच्या सीलमधून थेंब पडत असेल तर तिथेच दिसेल.

कागदपत्रांत धडावरचा आणि इंजिनवरचा क्रमांक नोंदणीशी जुळतो का, आणि बोटीवर कर्जाचा बोजा आहे का, हे पाहावे. देशाच्या अंतर्गत पाण्यात इंजिनवर चालणाऱ्या बोटींना २०२१ सालच्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे तपासणी आणि नोंदणी लागते. आपल्या राज्यात त्याची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे करता येईल. ती सौदा होण्याआधी करावी, नंतर नव्हे.

सौद्यात दोन गोष्टी किमतीबरोबर मागून घ्या. एक, जास्तीचा इम्पेलर आणि कडे, कारण हे भाग तालुक्याच्या बाजारात मिळत नाहीत. दुसरी, गावातल्या निदान दोन माणसांना जुन्या मालकाने आठवडाभर बोट चालवायला आणि जाळी मोकळी करायला शिकवणे. हे शिक्षण बरगे काढण्यापूर्वी, संथ पाण्यात उरकून घ्यावे.